सप्ताहाची आठ कीर्तनं आणि एक स्क्रिप्ट

माझ्या मामेभावाचा अमळनेरला फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नसराईत लग्नं, आणि चैत्रात नि श्रावणात बोरी-तापीकाठच्या गावांचे अखंड हरिनाम सप्ताह. सप्ताहात पैसा लग्नाएवढा मिळत नाही, तरी दादा ते काम सोडत नाही. ज्या गावात त्याने सप्ताह शूट केला त्या गावची पुढची लग्नं त्याच्याकडे येतात, हे एक कारण. दुसरं म्हणजे त्याला कीर्तन मनापासून आवडतं.

सप्ताहाचा साचा ठरलेला असतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन. सात रात्रींची सात कीर्तनं आणि आठव्या दिवशी काल्याचं. मंडळाचं मागणंही ठरलेलं: प्रत्येक कीर्तन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यूट्यूबवर हवं, सुरुवातीला महाराजांचं नाव, त्यांचं गाव आणि कितवं पुष्प याची पाटी हवी, शिवाय मोबाइलवर फिरवायला तीन-चार छोटे उभे तुकडे हवेत. गेल्या चैत्रात चोपडा तालुक्यातल्या एका गावचं हे काम दादाकडे होतं. चौथ्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो, तर तो खुर्चीतच डुलक्या घेत होता. मला बघून म्हणाला, "भाऊ, मी कव्हय झोपस तेच माले समजत नही."

मी जळगावला प्रोग्रामिंगचं काम करतो, व्हिडिओतलं मला फारसं कळत नव्हतं. पण तो जे करत होता ते मी तासभर शेजारी बसून पाहिलं आणि वाटलं, यातलं बरंच काम हाताने करायचं नाहीच.

आधी घड्याळ लावलं

दादाच्या मते दोष कॉम्प्युटरचा होता. नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं, म्हणजे एक्स्पोर्ट लवकर होईल, असं त्याच्या मनात होतं. दोन तासांचं कीर्तन, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १,८०,००० फ्रेम. मशीनला वेळ लागणारच. पण खर्च करण्याआधी एका कीर्तनाचं पूर्ण काम मी वहीत मिनिटांनिशी लिहून काढलं. मशीन चालत असतानाचा वेळ धरलाच नाही, फक्त दादा स्वतः माउसवर हात ठेवून बसला होता तो वेळ धरला.

बेरीज झाली ३ तास २० मिनिटं. त्यात ज्याला खरोखर दादाचे डोळे नि कान लागतात असं काम ५० मिनिटांचं: कीर्तन कुठून सुरू दाखवायचं, कुठे थांबवायचं, कोणते तुकडे काढायचे. उरलेले अडीच तास कार्डावरून फाइली उतरवणं, त्या ओळीने लावणं, आवाज सारखा करणं, पाटी टाइप करून जागेवर बसवणं, एक्स्पोर्टच्या खिडकीत तीच ती सेटिंगं निवडणं, तुकडे उभ्या चौकटीत कापणं, फाइलींना नावं देणं. रोज रात्री तेच, त्याच क्रमाने. आठ कीर्तनांचे झाले वीस तास.

आणि वहीत न मावणारी एक गोष्ट दिसली. मशीन एक्स्पोर्ट करत असताना दादा मोकळा नव्हता. ते संपलं की पुढचं बटण दाबायला कोणी तरी हवं, म्हणून तो रात्री दोनला, साडेतीनला उठत होता. ग्राफिक्स कार्डाने ही झोपमोड थांबली नसती. त्यामुळे कार्ड बाजूला ठेवलं आणि कामाची साखळी बांधायचं ठरवलं.

साधन निवडायला वेळ लागला नाही. दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये पायथन आणि ल्युआ या प्रोग्रामिंगच्या भाषा चालतात, अडोबीच्या आफ्टर इफेक्ट्समध्ये जावास्क्रिप्टच्या धाटणीच्या स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने कामं सांगणारे छोटे प्रोग्राम, लिहिता येतात. पण कीर्तनाला टाइमलाइनची करामत लागतच नाही. लांब फाइल जोडा, कापा, पाटी लावा, आवाज नीट करा, इतकंच. त्याला एफएफएमपेग पुरतं. फाब्रिस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केलेलं हे मोफत साधन, त्याला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, सगळं आज्ञा लिहून. म्हणूनच ते स्क्रिप्टच्या हाती देणं सोपं जातं. त्याला चालवणारी स्क्रिप्ट मी पायथनमध्ये लिहिली. लग्नाचं काम दादा त्याच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरवरच करतो, त्याला आम्ही हात लावला नाही.

शांतता कापली तेव्हा

पहिला उत्साह मला भलतीकडे घेऊन गेला. एफएफएमपेगमध्ये सायलेन्सडिटेक्ट नावाचा फिल्टर आहे. आवाज ठरलेल्या पातळीखाली ठरलेल्या वेळापेक्षा जास्त राहिला की तो जागा नि वेळ लिहून देतो. बोलण्याच्या व्हिडिओतल्या मोकळ्या जागा कापायला लोक तो सर्रास वापरतात. मी पातळी उणे ३० डेसिबल ठेवली (शून्य म्हणजे फाइलीत मावणारा कमाल आवाज), वेळ दीड सेकंद, आणि तिसऱ्या रात्रीच्या कीर्तनातून अशा सगळ्या जागा काढून टाकल्या. कीर्तन अकरा मिनिटांनी आटोपशीर झालं. मी खुशीत दादाला हेडफोन दिला.

त्या रात्री महाराजांनी एका बापाची गोष्ट सांगितली होती. लेकीची पाठवणी करून तो घरी येतो, तिचा फराक खुंटीवर तसाच असतो. एवढं बोलून महाराज थांबले होते. मांडवात कोणी हललं नव्हतं. मग हळूच टाळाचा एक ठोका, आणि पुढचं वाक्य. माझ्या फाइलीत फराक हा शब्द संपायच्या आत पुढचं वाक्य येऊन आदळलं.

दादाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "भाऊ, जठे महाराज थांबतस तठेच तं लोक रडतस. तू तीच जागा काढी टाकी."

मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि त्याच्याखाली दोन याद्या केल्या. कीर्तनातल्या कुठल्याही सेकंदाला हात लावायचा तर तो दादाच लावेल. स्क्रिप्ट दादाने ठरवलेलं फक्त बजावेल. पुढचं सगळं या रेघेवर उभं आहे.

सायलेन्सडिटेक्ट मात्र मी फेकला नाही. पातळी उणे ६० वर नेली, वेळ तीन सेकंद. आता तो महाराजांच्या थांबण्याला हात लावत नाही. मिक्सरची वायर निघाली किंवा माइक बंद पडला तेवढंच पकडतो, आणि कापत काहीच नाही, कीर्तनांच्या नोंदींच्या तक्त्यात लाल खूण करतो. पाचव्या रात्री त्याने ४० सेकंदांची अशी जागा दाखवली. दादाने तिथे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकचा आवाज बसवला. आधी अशी जागा गावातल्या एखाद्याने फोन करून सांगितल्यावरच कळायची.

फाइलींचा क्रम

दादाचा कॅमेरा ४ जीबी झाले की आपोआप नवी फाइल सुरू करतो. ही मर्यादा कार्डावर फाइली साठवण्याच्या जुन्या फॅट३२ पद्धतीतून आलेली आहे. त्याच्या सेटिंगवर एक फाइल साधारण वीस मिनिटांची होते, म्हणजे एका कीर्तनाच्या सहा-सात. एकाच कॅमेऱ्याच्या, एकाच सेटिंगच्या फाइली एफएफएमपेग पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे चित्र-आवाज नव्याने न आवळता, एकामागे एक जोडू शकतं. यादी द्यायची, काम मिनिटांत होतं.

स्क्रिप्ट नावाच्या क्रमाने फाइली जोडत होती. तीन रात्री ठीक गेलं. चौथ्या रात्रीचं कीर्तन शेवटच्या अभंगाने सुरू झालं. कॅमेऱ्याचा आकडा त्या रात्री ९९९९ ला पोचला होता आणि पुन्हा ०००१ पासून लागला होता. कार्डावर नव्या आकड्यांच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या, पण आम्ही सगळ्या एकत्र उतरवल्यामुळे ०००१ सर्वांत वर जाऊन बसली. दादाने अपलोड करण्याआधी सुरुवात बघितली म्हणून वाचलो.

तेव्हापासून क्रम नावावर नाही, फाइलीत कॅमेऱ्याने नोंदवलेल्या वेळेवर लागतो. शिवाय एक तपासणी घातली: एका फाइलीची सुरुवात अधिक तिची लांबी, हे पुढच्या फाइलीच्या सुरुवातीशी जुळलं पाहिजे. दोन सेकंदांहून जास्त फरक पडला तर स्क्रिप्ट थांबते आणि कोणत्या दोन फाइलींमध्ये अडचण आहे ते मराठीत सांगते. अंदाजाने पुढे जाणारी स्क्रिप्ट मला या कामात नको होती. मंडळाचे लोक वर्गणी काढून हे काम देतात.

महाराजांचं नाव

सगळ्यात जास्त रविवार पाटीने खाल्ले. आधी मी एफएफएमपेगचा ड्रॉटेक्स्ट फिल्टर वापरला. चौकटीवर अक्षरं लिहायची ती साधी सोय. "पुष्प तिसरे" असं दिलं, तर पडद्यावर "ति" मधली वेलांटी त च्या पुढे जाऊन उभी, "पुष्प" मधला ष हलन्त घेऊन वेगळा, आणि "कीर्तन" मधला रफार वर चढायच्या ऐवजी जागेवरच पाय मोडून बसलेला. देवनागरीत अक्षरं ज्या क्रमाने टाइप होतात त्या क्रमाने दिसत नाहीत. वेलांटी व्यंजनानंतर टाइप होते आणि दिसते आधी. ही जुळणी करणारं वेगळं काम असतं, आणि दादाच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या आवृत्तीतला ड्रॉटेक्स्ट ते करत नव्हता. २०२३ च्या ६.१ आवृत्तीपासून त्यात हार्फबझ हे जुळणी करणारं साधन आलं आहे. पण तोवर आम्ही दुसरी वाट धरली होती: पाटी सबटायटलच्या एएसएस फाइलीत लिहायची आणि लिबास नावाच्या साधनाकडून चित्रावर उमटवायची. लिबास देवनागरी नीट जोडतं, शिवाय अक्षराची सावली, कड, जागा, किती सेकंद दिसावं हे सगळं त्या एकाच फाइलीत सांगता येतं. हाच मार्ग आजही चालू आहे.

अक्षरं नीट आली, पण नाव बरोबर असेल कशावरून? सप्ताहाचं पत्रक छापखान्यात युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेलं असतं. तिथून मजकूर उचलला की भलतीच चिन्हं येतात, त्यामुळे नावं पुन्हा हाताने टाइप करावीच लागतात. ती दादाने तक्त्यात भरली, तक्ता सीएसव्ही, म्हणजे साधी मजकुराची फाइल, करून सेव्ह केला, उघडून पाहतो तर सगळी प्रश्नचिन्हं. सेव्ह करताना मराठी अक्षरं टिकवणारं यूटीएफ-८ निवडायचं राहिलं होतं. ते निवडलं, तर पहिल्या रकान्याचं नाव स्क्रिप्टला ओळखेना, कारण फाइलीच्या तोंडाशी न दिसणारं एक चिन्ह बसलेलं. पायथनमध्ये फाइल उघडताना ते चिन्ह गाळायला सांगितलं की झालं. ज्यांना मराठी तक्त्यावर स्क्रिप्ट चालवायची आहे त्यांनी हे दोन खड्डे आधीच लक्षात ठेवावेत, माझी यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

कीर्तनकाराच्या नावात चूक झाली तर दादाला त्या गावात पुन्हा तोंड दाखवता येणार नाही. म्हणून स्क्रिप्ट पहिल्याच दिवशी आठही पाट्यांची आठ चित्रं काढून ठेवते. दादा ती मंडळाच्या अध्यक्षांना व्हॉट्सॲपवर पाठवतो, त्यांचा होकार आला की तक्त्यात "मंजूर" लिहितो. तो शब्द नसेल तर त्या कीर्तनाचं एन्कोडिंग सुरूच होत नाही. चैत्रात दोन दुरुस्त्या आल्या: एका महाराजांच्या गावाचं "बुद्रुक" राहिलं होतं, आणि एका नावात ण ऐवजी न पडला होता.

टाळ, जनरेटर आणि आवाज

कीर्तनाचा आवाज सारखा करणं हे भाषणाच्या आवाजापेक्षा अवघड आहे. महाराज कधी कानात सांगावं तसं बोलतात, आणि क्षणात वीस टाळ नि मृदंग उसळतात. एफएफएमपेगचा लाउडनॉर्म फिल्टर एकाच फेरीत चालवला, तर तो जाता जाता आवाज चढवत-उतरवत राहतो. महाराज थांबले की मागच्या जनरेटरची घरघर वर येते, टाळ सुरू झाले की सगळं दबतं. दादाच्या कानाला ते पहिल्या मिनिटात खटकलं.

दोन फेऱ्यांची पद्धत आहे: आधी पूर्ण फाइल मोजायची, मग सगळीकडे सारखीच वाढ द्यायची. तीही इथे अडते. आमचं एक कीर्तन सरासरी उणे २६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) भरलं. ते उणे १६ वर आणायचं तर १० डेसिबल वाढ हवी, पण टाळांचे ठोके आधीच उणे ४ वर होते. १० वाढवले की ते शून्याच्या वर सहा जातात, म्हणजे फाटतात. अशा वेळी लाउडनॉर्म सरळ वाढ सोडून आपोआप पहिल्या, चढत्या-उतरत्या पद्धतीवर जातो.

शेवटी त्याच्याकडून फक्त मोजून घेतलं. फरक स्क्रिप्ट काढते, तेवढा आवाज सरसकट वाढवते, आणि टाळांच्या टोकांवर लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणारा फिल्टर, लावते. लिमिटरमध्येही एक गोम आहे. एफएफएमपेगच्या ॲलिमिटरमध्ये आवाज पुन्हा वर ताणून घेण्याची सोय मुळातच चालू असते, ती बंद केली नाही तर मोजून धरलेली पातळी हातची जाते. यूट्यूब साधारण उणे १४ च्या वरचा आवाज स्वतःच खाली आणतं, त्यामुळे त्याहून चढा ठेवण्यात काही मिळत नाही. उणे १६ वर महाराजांची कुजबुज ऐकू येते आणि टाळ कानाला बोचत नाहीत, हे दादाने तीन वेगवेगळ्या मोबाइलवर ऐकून ठरवलं.

रात्रीची वीज

चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४४ पर्यंत जातो. दुपारी एन्कोडिंग लावलं की कॉम्प्युटर तापून आपला वेग स्वतःच कमी करतो. त्यामुळे काम रात्री चालवणं भाग, आणि रात्री वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही. एकदा पहाटे वीज गेली, इन्व्हर्टरही उतरला, आणि सकाळी १ तास ४० मिनिटांची एमपी४ फाइल होती पण उघडत नव्हती. एमपी४ मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची सूची नेहमीच्या पद्धतीत सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधी वीज गेली तर आधीचं सगळं असूनही प्लेअरला ते सापडत नाही.

आता चालू काम "अर्धवट" नावाच्या फोल्डरमध्ये होतं, फाइल पूर्ण होऊन तिची लांबी जुळली तरच ती "तयार" मध्ये हलते. वीज आली की स्क्रिप्ट पुन्हा चालवायची, ती "तयार" मधल्या फाइलींना हात लावत नाही आणि राहिलेली सुरू करते. कार्डावरून उतरवलेल्या मूळ फाइलींवर स्क्रिप्टला लिहिण्याची परवानगीच नाही.

श्रावणातल्या सप्ताहात हे सगळं पहिल्यांदा सुरुवातीपासून वापरलं. रात्री साडेअकराला दादा कार्ड उतरवतो, कीर्तन भरभर पुढे नेत बघतो, तक्त्यात सुरुवात, शेवट आणि तुकड्यांच्या वेळा लिहितो, स्क्रिप्ट लावतो आणि घरी जातो. हाताचं काम ३ तास २० मिनिटांवरून १ तास १० मिनिटांवर आलं. त्यातली ५० मिनिटं तीच जुनी, डोळ्यांची नि कानांची. आठ कीर्तनांत सतरा तासांहून थोडे जास्त वाचले. माझे पाच रविवार यात गेले, म्हणजे एका सप्ताहात हिशोब जेमतेम बरोबरीत येतो, फायदा दुसऱ्या सप्ताहापासून सुरू होतो. वर्षाला एकच सप्ताह करणाऱ्याला मी हा खटाटोप सांगणार नाही. त्याने तक्ता आणि पाट्यांची मंजुरी एवढंच उचलावं.

दोन कॅमेऱ्यांमधली अदलाबदल अजून दादा हाताने करतो. कधी महाराज, कधी समोर बसलेली माणसं, हे त्यालाच कळतं, आणि मी तिकडे वळलोही नाही.

उभे तुकडे मात्र स्क्रिप्ट कापते. १९२० बाय १०८० च्या चित्रातून उभी चौकट काढायची तर रुंदी ६०७.५ येते. रंगाची माहिती दोन बाय दोन पिक्सेलच्या चौकोनांत साठवलेली असल्याने आकडा सम हवा, म्हणून ६०८. ती चौकट कुठे ठेवायची यासाठी तक्त्यात एक रकाना आहे, त्यात दादा "डावी", "मधली" किंवा "उजवी" लिहितो. याव्यतिरिक्त काही आलं तर स्क्रिप्ट थांबते.

श्रावणातल्या सहाव्या रात्री ती थांबली. सकाळी दादाचा फोन येईल म्हणून मी वाट बघत होतो, आला नाही. संध्याकाळी मीच केला. गावातल्या पोरांनी त्याला विचारलं होतं, आमचे टाळकरी कधीच मोबाइलवर का दिसत नाहीत. मग त्याने रकान्यात "टाळकरी" लिहिलं. स्क्रिप्टने तो शब्द ओळखला नाही. दादाने फाइल उघडली, "उजवी" ची ओळ खाली तशीच उतरवली, नाव बदललं, आणि चौकट कुठून सुरू व्हावी तो आकडा चार वेळा बदलून पाहिला. पाचव्या वेळी मृदंगवाल्याच्या शेजारचे तीन म्हातारे टाळकरी बरोबर चौकटीत आले.